पहिल्या स्वयंपाकघरातील भांडी: धातूइतकेच तापमानालाही विचारा

गेल्या दोन वर्षांत भांड्यांविषयीच्या तीन बातम्या देशभरातील विज्ञानवार्तांमध्ये झळकल्या. १४ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाने स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्याच वर्षी मे महिन्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी भारतीयांसाठीची सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात मातीच्या भांड्यांची शिफारस आणि नॉनस्टिकविषयीचा इशारा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शिसे पाझरणाऱ्या आयात भांड्यांविषयी सावधगिरीची सूचना दिली. त्या सूचनेत पितळ व ॲल्युमिनियम यांच्याबरोबर आपल्या घराघरांत परिचित असलेल्या ‘हिंडालियम’चेही नाव होते, आणि पुढील महिन्यांत ती यादी वाढत गेली.

या तिन्ही बातम्या महत्त्वाच्या होत्या. परंतु त्या आपल्यापर्यंत पोहोचता पोहोचता त्यांचे एकाच प्रश्नात रूपांतर झाले: कोणता धातू विषारी? समाजमाध्यमांवर त्याची उत्तरेही तत्काळ मिळू लागली. ॲल्युमिनियम फेकून द्या, नॉनस्टिक फेकून द्या, स्टीलही ‘शुद्ध’ असेल तरच घ्या. आणि या सगळ्याच्या शेवटी एखाद्या महागड्या ‘विषमुक्त’ संचाची जाहिरात.

या गदारोळाचा सर्वाधिक भार पडतो तो पहिल्यांदाच स्वतःची चूल मांडणाऱ्यांवर. वसतिगृह सोडून बंगळूरु, हैदराबाद किंवा पुण्यात भाड्याची खोली घेणारे संशोधक विद्यार्थी, पहिल्या नोकरीवर रुजू झालेले तरुण, नवे संसार. कनिष्ठ संशोधकाची अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. अनेकांच्या हाती त्याहून पुष्कळ कमी येते. त्यातून भाडे, अनामत रक्कम आणि घरी पाठवायचे पैसे वजा जाता भांड्यांसाठी जे उरते ते भीतीपोटी खर्च व्हावे, हे विज्ञानवार्तांचे फलित असेल तर आपण सर्वांनीच थोडे थांबून विचार केला पाहिजे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. भांड्याची पारख करताना तीन गोष्टी विचाराव्यात: त्यात पाणी असणार की नाही, आंबट पदार्थ असणार की नाही, आणि ते भांडे कोणत्या मानकाखाली बनले आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शालेय भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र देते. त्यांच्या आधारे अत्यंत कमी खर्चात उत्तम स्वयंपाकघर उभे राहते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ग्राहक स्वतः शोधू शकत नाही. तेथे राज्यसंस्थेचे काम सुरू होते, आणि आपला आवाज तेथेच लागायला हवा.

प्रथम पाण्याचा प्रश्न. वरण, भात, चहा, बटाटे उकडणे, दूध तापवणे ही रोजच्या स्वयंपाकातील मोठी कामे पाण्यात होतात. पाणी आहे तोवर पातेल्याच्या आतील तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते, मग ज्योत कितीही मोठी असो. येथे भांड्याच्या धातूने किती फरक पडतो? स्टेनलेस स्टीलची उष्णतावाहकता सुमारे १५ वॅट प्रति मीटर-केल्विन, ॲल्युमिनियमची सुमारे २३५, तांब्याची सुमारे ४००. आकडे पाहून स्टील अगदीच टाकाऊ वाटेल. पण २० सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्याला दीड किलोवॅट उष्णता मिळते आहे असे धरा. बुडाच्या दर चौरस मीटरला ती साधारण ५० किलोवॅट पडते. एवढी उष्णता ०.८ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या पत्र्यातून आत जायला त्याच्या दोन्ही पृष्ठभागांत सुमारे अडीच ते तीन अंशांचा फरक पुरतो. ॲल्युमिनियमला एका अंशाचा अंशही पुरतो. वरणाला या दोन-तीन अंशांचे काहीही सोयरसुतक नसते. तात्पर्य, ज्या भांड्यात पाणी उकळायचे आहे त्यासाठी ‘तांब्याच्या बुडाचे’ किंवा ‘तीन थरांचे’ असे शब्द वाचून अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. साधे, नीट बसणाऱ्या झाकणाचे स्टीलचे पातेले पुरेसे आहे.

झाकणाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते; तेच पाणी पूर्ण वाफवून टाकायला सुमारे २,२५७ किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून अधिक. उकळी आल्यावर ज्योत मोठी ठेवली तर अन्न लवकर शिजत नाही, केवळ वाफ अधिक होते आणि सिलिंडर लवकर संपतो. त्याच तर्काने पहिल्या स्वयंपाकघरातील सर्वांत फायदेशीर खरेदी प्रेशर कुकर ठरते. वातावरणाच्या दाबावर दर चौरस सेंटिमीटरला आणखी एक किलोग्रॅम दाब चढला की पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या जवळ जातो. शिजण्याच्या प्रक्रिया दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट वेगवान होतात असे धरले, तर वीस अंशांत वेळ एक-चतुर्थांशावर येतो. राजमा आणि हरभरे शिजवणाऱ्याला हे गणित न मांडताही ठाऊक असते.

आता पाणी संपते तेथील गोष्ट. पोळी, भाकरी, डोसा, परतलेली भाजी, फोडणी आणि आटत आलेली खीर या कामांत तापमान १०० अंशांना बांधलेले राहत नाही आणि भांड्याचा स्वभाव प्रकट होतो. बर्नरच्या ज्योतीखाली तापलेला भाग आणि कडेचा भाग यांत फरक पडू लागतो. उष्णता धातूतून १० सेंटिमीटर पसरायला किती वेळ लागेल याचा ढोबळ अंदाज अंतराच्या वर्गाला त्या धातूच्या उष्णताविसरण-गुणांकाने भागून काढता येतो. ॲल्युमिनियमसाठी उत्तर येते पावणेदोन मिनिटे. स्टेनलेस स्टीलसाठी सुमारे चाळीस मिनिटे. म्हणूनच पातळ स्टीलच्या कढईत मधला कांदा करपतो आणि कडेचा कच्चा राहतो. यात रांधणाऱ्याचा दोष नाही.

बुडाने उष्णता आडवी किती पसरवावी हे वाहकता आणि जाडी यांच्या गुणाकारावर ठरते. ०.८ मिलिमीटर स्टीलसाठी हा गुणाकार १२ येतो. ५ मिलिमीटर बिडासाठी सुमारे २५०. ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमसाठी ७०० च्या घरात. स्टीलच्या बुडाला बाहेरून तांब्याचा ०.१ मिलिमीटर थर दिला तर त्याची भर केवळ ४० ची. म्हणजे तांब्याचा तकतकीत मुलामा डोळ्यांना सुखावतो, पण कांद्याला फारसा उपयोगी पडत नाही. स्टीलच्या दोन पत्र्यांत ॲल्युमिनियमचा जाड थर दाबून बसवलेले बूड मात्र खरोखर उपयोगाचे असते. अशा भांड्यासाठी पैसे मोजायचेच असतील तर ते एकाच कढईसाठी मोजा. पातेल्यांचा सबंध संच तसा घेण्याची गरज नाही.

तव्याच्या बाबतीत पसरण्याबरोबर साठवणही मोजावी लागते. गार पीठ तव्यावर पडले की त्यातील पाण्याची वाफ होताना तवा थंड पडतो. साठा पुरेसा नसेल तर डोसा चिकटतो आणि भाकरी वातड होते. २५ सेंटिमीटर व्यासाचा, १.२ किलोग्रॅम वजनाचा लोखंडी तवा प्रत्येक अंशामागे सुमारे ५४० ज्यूल उष्णता धरून ठेवतो. त्याच आकाराचा ०.८ मिलिमीटर स्टीलचा पत्रा जेमतेम १५०. जाडी मोजायला सूक्ष्ममापीही लागत नाही. भांड्यांच्या दुकानात तराजू असतोच. एकाच धातूची, एकाच आकाराची दोन भांडी तोलून पाहिली की वजनाचे गुणोत्तर हेच जाडीचे गुणोत्तर असते. वरील १.२ किलोचा तवा या हिशेबाने सुमारे ३ मिलिमीटर जाड निघतो. जुन्या बायका भांडे हातात घेऊन नुसते तोलत, त्यामागचे पदार्थविज्ञान हेच.

नॉनस्टिकविषयीच्या इशाऱ्याचाही याच दृष्टीने अर्थ लावावा. राष्ट्रीय मार्गदर्शिकेत १७० अंशांपलीकडे धोका असल्याचे म्हटले आहे. उत्पादक सामान्यतः २६० अंशांची मर्यादा सांगतात. या दोन आकड्यांतील कोणता प्रमाण मानावा या वादापेक्षा तो आकडा किती लवकर गाठला जातो हे पाहणे उद्बोधक आहे. ४०० ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा नॉनस्टिक तवा रिकामाच गॅसवर ठेवला आणि त्याला ८०० वॅट उष्णता मिळाली, तर ३० पासून २६० अंशांपर्यंत पोहोचायला दोन मिनिटांच्या आसपास वेळ पुरतो. एवढ्यात आपण दार उघडून दूध घेतो. उलट तेल, भाजी किंवा पीठ आत असताना, मंद आचेवर, न खरवडलेल्या तव्याचा धोका फार कमी असतो. म्हणजे सवय बदलली तर हे भांडे चालते. तरीही पहिल्या स्वयंपाकघरासाठी मी त्याची शिफारस करणार नाही, आणि त्याचे कारण खर्चाचे आहे. लेप झिजतो, कालथ्याने खरवडला जातो, आणि काही वर्षांनी तवा बदलावा लागतो. लोखंडी तव्यावर तेल तापून जो काळा, गुळगुळीत थर बसतो तोही एक बहुवारिकच आहे; फरक इतकाच की तो झिजला तर थोड्या तेलाने आपल्यालाच पुन्हा चढवता येतो.

दुसरा प्रश्न आंबटाचा. चिंच, टोमॅटो, कोकम, ताक यांतील आम्ले धातूंशी अभिक्रिया करतात. हे ज्ञान आपल्याला नव्याने आयात करावे लागलेले नाही. पितळेच्या भांड्यात ताक ‘कळकते’ हा शब्दच मराठीत आहे. त्यावर उपाय म्हणून कल्हई आली. कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील २३२ अंशांना वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये, आणि जुने पितळ वापरायचेच असेल तर त्यावर चढणारे कथील शिसेविरहित असल्याची खात्री हवी. ती खात्री नसेल तर आजीचे पितळी पातेले शोभेसाठी ठेवावे.

ॲल्युमिनियमविषयी सर्वाधिक भीती पसरलेली आहे ती स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात. भांड्यांतील ॲल्युमिनियममुळे अल्झायमर होतो हे सिद्ध झालेले नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने २०११ मध्ये सर्व मार्गांनी मिळून आठवड्याला शरीराच्या दर किलोग्रॅममागे २ मिलिग्रॅम ही सह्य मर्यादा ठेवली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती १२० मिलिग्रॅम होते. साध्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात सांबार किंवा आमटी रात्रभर ठेवणे टाळावे, आंबट पदार्थ स्टीलमध्ये करावेत, एवढे पथ्य पुरेसे आहे. कुकरमध्ये डाळ शिजवा आणि चिंचेची फोडणी स्टीलच्या कढईत द्या. ज्यावर विद्युत-रासायनिक प्रक्रियेने ऑक्साइडचा जाड थर चढवलेला असतो ते ‘अनोडाइज्ड’ ॲल्युमिनियम या बाबतीत अधिक टिकाऊ असते.

लोखंडाची गोष्ट थोडी उलट आहे. लोखंडी कढईतून, विशेषतः आंबट पदार्थात, लोह अन्नात उतरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा देशात हे पाझरणे बहुतेकांसाठी तोट्याचे नाही. कढई म्हणजे औषध नव्हे, आणि रक्तक्षयावरचे उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावेत. पण ‘भांड्यातून काहीतरी अन्नात जाते’ एवढ्या वाक्यावर घाबरून जाणे किती अपुरे आहे हे यावरून ध्यानात येईल. काय जाते आणि किती जाते, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

स्टीलविषयीचा एक गैरसमज तर दुकानदारही मोठ्या विश्वासाने सांगतात: चुंबक चिकटला तर स्टील ‘खोटे’. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवते ते त्यातील क्रोमियम. हवेच्या संपर्कात त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड-थर तयार होतो. ३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि ती जवळजवळ अचुंबकीय असते. ४३० या प्रतीत सुमारे १७ टक्के क्रोमियम असते, निकेल नगण्य, आणि तिला चुंबक घट्ट चिकटतो. ती स्वयंपाकाला योग्यच आहे. उलट निकेल कमी करून मॅंगनीज वाढवलेल्या २०० मालिकेतील स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही, मात्र तिची गंजरोधकता ३०४ पेक्षा कमी असते. म्हणजे चुंबक प्रत ओळखत नाही. तो एकच गोष्ट सांगतो: हे भांडे इंडक्शनवर चालेल की नाही.

भाड्याच्या खोल्यांत गॅसजोडणी मिळेपर्यंत अनेकांचा संसार इंडक्शनवरच चालतो, म्हणून ही एक गोष्ट खरेदीपूर्वी अवश्य पाहावी. इंडक्शनची शेगडी बदलत्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याच्या बुडात भोवरी प्रवाह निर्माण करते. लोहचुंबकीय पदार्थात हे प्रवाह पृष्ठभागाच्या अतिशय पातळ थरात एकवटतात, तेथे त्यांना मोठा विरोध होतो आणि बूड तापते. ॲल्युमिनियममध्ये विरोध इतका कमी पडतो की नेहमीच्या घरगुती शेगड्या ते भांडे ओळखतही नाहीत. फ्रिजवरचा छोटा चुंबक खिशात घेऊन दुकानात जा. तो बुडाला नीट चिकटला की काम झाले. बिडाचा व लोखंडाचा तवा चालतोच, फक्त बूड सपाट हवे.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर पहिली यादी फार लहान होते: आयएसआय चिन्हाचा तीन लिटरचा कुकर, झाकणासह एक स्टीलचे पातेले, जाड बुडाची एक स्टीलची कढई आणि वजनदार लोखंडी किंवा बिडाचा तवा. इंडक्शन असेल तर कुकरही चुंबक चिकटणाऱ्या बुडाचा. मातीचे भांडे हवे असेल तर बिनझिलईचे घ्या; ते हळू तापते, इंडक्शनवर चालत नाही आणि घर बदलताना फुटते, हेही लक्षात असू द्या. बाकीचे सामान दुसऱ्या वर्षी, गरज कळल्यावर. किंमत पाहताना ती भांडे जितकी वर्षे टिकेल त्या वर्षांनी भागा. समजा, १,२०० रुपयांचा नॉनस्टिक तवा तीन वर्षे टिकला आणि तेवढ्याच किमतीचा बिडाचा तवा तीस वर्षे, तर पहिल्याचा वर्षाचा खर्च ४०० रुपये आणि दुसऱ्याचा ४०.

येथवर ग्राहकाची विवेकबुद्धी पुरते. शिशापाशी ती संपते.

भंगारातून ओतलेल्या संमिश्रात शिसे आहे की नाही, हे डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही, चुंबकाला समजत नाही आणि तराजूवर उमटत नाही. ॲल्युमिनियमचा पुनर्वापर ही उत्तम गोष्ट आहे. खनिजापासून नवा धातू काढण्याच्या तुलनेत त्याला फारच थोडी ऊर्जा लागते. पण भंगार कोठून आले आणि वितळवताना त्याची तपासणी झाली का, यावर त्या कढईची सुरक्षितता अवलंबून असते. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. आणि अशी निनावी, बिनचिन्हाची, हलकी भांडी विकत घेतो तो मुख्यतः ज्याच्याकडे पैसे कमी आहेत तो. त्याला ‘जागरूक ग्राहक बना’ असा उपदेश करणे म्हणजे प्रयोगशाळेचे काम त्याच्या माथी मारणे होय.

या दृष्टीने २०२४ चा आदेश स्वागतार्ह आहे, पण कागदावरचे चिन्ह आणि गल्लीतील भांडे यांत अंतर असते. कुकरसाठी आयएसआय चिन्ह २०२१ पासून सक्तीचे आहे, तरीही २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला बिनचिन्हाचे कुकर विकू देणाऱ्या ऑनलाइन मंचांवर कारवाई करावी लागली. म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, बाजारातून, ऑनलाइन आणि आठवडी बाजार दोन्हीकडून, भांड्यांचे नमुने उचलून शिशाची तपासणी व्हावी आणि निष्कर्ष भारतीय भाषांत खुले व्हावेत. एका परदेशी संस्थेच्या यादीवरून आपल्या स्वयंपाकघरातील बातमी आपल्याला कळू नये. दुसरी, प्रत्येक भांड्यावर धातूची प्रत, बुडाची जाडी आणि इंडक्शन-योग्यता ठसठशीत छापलेली असावी. तिसरी, लहान ओतशाळांना भंगार तपासण्याची सोय माफक दरात मिळावी. क्ष-किरण प्रतिदीप्तीवर चालणारी हातात धरायची उपकरणे काही क्षणांत धातूची घटकरचना सांगतात. प्रत्येक कारागिराला ते परवडणार नाही. पण भांडी बनवणाऱ्या एका वस्तीला मिळून एक, हे अशक्य नाही. नियमांबरोबर ही मदत न आल्यास कारागीर बुडेल किंवा चोरून विकेल, आणि दोन्हींत नुकसान गरिबाचेच.

विज्ञानाच्या बातम्या लिहिणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या आपल्या सर्वांसाठीही एक विनंती. ‘विषारी’ हा शब्द लिहिण्यापूर्वी त्याच्यासमोर तापमान, वेळ आणि मात्रा हे तीन रकाने आखा. ते भरता आले तर बातमी द्या. भरता आले नाहीत तर निदान कुणाच्या घरातील धडधाकट कुकर भीतीपोटी भंगारात जाईल असे काही लिहू नका. त्या भंगाराची पुढे कढई होते, आणि ती कुणाच्या चुलीवर चढणार आहे हे आपल्याला माहीत नसते.